मांडणीकडची बाजू

"बाबा, रागावू नका, पण तुमची बाजू वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते," लेक म्हणाली.

"आणि तुझी?" हे हातातली माती खरवडायची पत्ती फडक्याला पुसत म्हणाले. "मागच्या खिशात ठेवून वर बसलेलं पाकीट. बघावं तिथं घडी."

"एकाची वडी, एकाचं पाकीट," भाऊजींनी चहाचा कप बाकावर ठेवला. "यात गाडी कोण करतंय तेवढं सांगा, म्हणजे मला मापं घ्यायला लागता येईल."

आमच्याकडे गाड्या बनत नाहीत, गाड्यांचे मातीचे नमुने बनतात. बुटक्या, रुंद, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या आणि सामान्य माणसाने नुसत्या बघायच्या अशा गाड्या काढणारी एक कंपनी आहे. पत्र्याला हात लावण्याआधी तिला गाडी पुऱ्या आकारात समोर उभी हवी असते. मग सांगाड्यावर गरम केलेली तपकिरी माती थापायची, ती निवली की पोलादी पत्तीने खरवडत खरवडत आकार काढायचा आणि शेवटी वर चंदेरी कागद ताणून बसवायचा, म्हणजे उजेड अंगावरून कसा धावतो ते कळतं. मातीचं काम आमचे हे करतात. मापं आणि यंत्र भाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे. कार्यशाळा खाली, घर वर. वरच्याच एका खोलीत मी आसनांची कव्हरं शिवते.

आजवरची आमची रीत अशी की हातानं घडवायची ती फक्त खिडकीकडची बाजू. ती कंपनीला पसंत पडली की भाऊजींचं यंत्र तिची मापं घेऊन पलीकडची बाजू आरशात पाहिल्यासारखी कोरून देतं. त्यामुळे पलीकडे कुणी फारसं फिरकत नसे. तिथे भिंतीशी लोखंडी मांडणी होती, छतापर्यंत भरलेली. जुने साचे, मोडकी अवजारं, ह्यांनी कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या वस्तू, आणि खालच्या कप्प्यात माझ्या कापडाचे गठ्ठे. गाडीचा सांगाडा जमिनीला बोल्टांनी जखडलेला असतो, नाहीतर मापं हलतात. मांडणी आणि गाडी यांच्यामधून माणूस जाई, पण अंग तिरकं करून.

या खेपेला कंपनीच्या मोठ्या बाईंना एका गाडीसाठी दोन कल्पना पाहायच्या होत्या आणि वेळ एकाच नमुन्यापुरता होता. ह्यांनी नमुना मधोमध वाटून टाकला. खिडकीकडची अर्धी गाडी त्यांची. मांडणीकडची अर्धी लेकीची. ती नुकतीच डिझाइनचं शिक्षण संपवून घरी आली होती. मोकळी होती ती बाजू तिने घेतली, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण तिने एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. दुसऱ्या शहरातल्या एका फ्रिजच्या कंपनीने तिला बोलावलं होतं. "माझी बाजू पसंत पडली तर मी इथे राहीन," ती जेवताना म्हणाली, "नाही पडली तर तिकडे जाईन. बाबांची मुलगी म्हणून इथे माती गरम करत बसायचं नाहीये मला."

"फ्रिजला दार असतं आणि आत दिवा असतो," भाऊजी म्हणाले. "त्यात डिझाइन काय करणार, ठिणगी?" ते तिला लहानपणापासून ठिणगी म्हणतात.

"काका, निदान त्याचं दार कुठल्या बाजूला उघडावं यावर घरात भांडण होणार नाही."

ह्यांनी ताटातला घास बराच वेळ नुसताच फिरवला.

मी पहाटे देवापुढे दिवा लावून बसते. तो शांत होईपर्यंत बोलत नाही, आणि देवाकडे काही मागत नाही, हा माझा रोजचा नेम आहे. नेम साधाच आहे आणि पुष्कळ वर्षांच्या सवयीने अंगवळणी पडलेला. त्या दिवसांत मात्र मागणं ओठांवर यायचं आणि मी ते तिथल्या तिथे गिळायचे. लेक राहावी असं मला वाटत होतं. ती हरू नये असंही वाटत होतं. आणि ह्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाला कुणी जुनं म्हणू नये, असंही. तिन्ही एकदम मागायची झाली तर देवाने तरी काय करावं?

रोज दुपारी खिडकीखालच्या बाकावर चहा व्हायचा आणि चहाबरोबर वाद. बाकावरून ह्यांची बाजू अख्खी दिसे. पुढच्या चाकावरून उठलेली एक रेषा दारावरून खाली उतरत, मागच्या चाकावर पुन्हा सावकाश वर येई. झोपलेल्या माणसाच्या खांद्यावरून पांघरूण ओघळावं तशी. लेकीच्या बाजूला सगळं धारदार होतं. नाक जमिनीला टेकेल इतकं खाली, तिथून काच आणि टप एकाच तिरप्या दमात मागे गेलेलं, आणि दारापासून शेपटीपर्यंत एक कडक घडी.

"ही गाडी उभी असतानासुद्धा पळतेय असं वाटलं पाहिजे," लेक म्हणायची.

"उभ्या गाडीनं पळायचं सोंग कशाला करायचं?" हे म्हणायचे. "उभी आहे तर उभी राहू दे सुखानं."

"या गाडीत कुणी सुखासाठी बसत नाही, बाबा."

"मग कशासाठी बसतात?"

"बघणाऱ्यांसाठी," भाऊजी मध्येच टाकायचे. "म्हणून म्हणतो, दारं वर उघडा. पक्ष्याच्या पंखासारखी. गाडी थांबली, दार वर गेलं, की अख्खा रस्ता मान वळवतो."

"आणि पाऊस असला की आत बसलेल्याला आंघोळ," लेक म्हणे.

"आणि शेजारी भिंत असली की?" हे विचारत. दाराच्या बाबतीत बापलेक एक व्हायचे आणि भाऊजी एकटे पडायचे. मग कुणीतरी जाळीचा विषय काढी. लेकीने मागच्या चाकापुढे हवा आत घेणारी मोठी जाळी काढली होती.

"हिच्यातून हवा जाते का?" ह्यांनी विचारलं.

"थोडी जाते."

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे बाकीची दिसण्यासाठी आहे."

"न जाणाऱ्या हवेला एवढा मोठा दरवाजा," हे म्हणाले. "मी नाही बुवा कधी खोटी जाळी केली."

"तुम्ही खोटी शांतता करता. आत एवढं मोठं इंजिन, आणि बाहेरून गाडी अशी, की जणू काही झोप काढून आलीय."

भाऊजींना हसू आवरेना. हेसुद्धा मिशीत हसले, पण लगेच कप उचलून तोंडासमोर धरला.

"आई, तू सांग," लेक माझ्याकडे वळली. "या दोन्हींतली कुठली चांगली?"

"मला एवढंच कळतं," मी म्हटलं, "की या गाडीत शिरायचं तर कितीही मोठ्या माणसाला आधी वाकावं लागतं. ते मला दोन्ही बाजूंचं आवडतं."

"वहिनी न्यायाधीश झाल्या तर कोर्टाला कुलूपच लागेल," भाऊजी म्हणाले.

कंपनीची माणसं यायच्या आदल्या सकाळी मला आसनाच्या कडेसाठी करड्या कापडाचा गठ्ठा हवा होता. वर दिवा अजून तेवत होता, म्हणून मी न बोलताच खाली आले. लेक आधीच कामाला लागली होती. पाठ मांडणीला टेकलेली, मान वाकडी, नाक मातीपासून वीतभर अंतरावर. मी खालच्या कप्प्यातला गठ्ठा ओढला तर तो येईना. तो बाहेर यायला गाडीने जागाच ठेवली नव्हती. लेक बाजूला सरकली, मी अंग तिरकं केलं, आणि त्या खटपटीत माझंही नाक मातीजवळ गेलं. तिथून मला काय दिसलं? एक घडी, तिच्याखाली दुसरी घडी, जाळीचा एक तुकडा. गाडी कुठेच दिसेना.

मी मागे सरायला गेले तर पाठीला साचे लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बाजू लांबून कुणी पाहिलेलीच नाही. हे तिकडून, गाडीच्या नाकाजवळून, मान लांब करून डोकावत आणि नावं ठेवत. भाऊजी यंत्राच्या आकड्यांत पाहत. आणि जिची बाजू तिने ती फक्त संगणकाच्या पडद्यावर पाहिली होती, तळहाताएवढी. उद्या पाहुणे आले असते तर त्यांनीही अंग तिरकं करूनच पाहिलं असतं. इतकी वर्षं खिडकीकडचीच बाजू घडवणाऱ्या आम्हां लोकांना, दुसऱ्या बाजूलाही उभं राहून बघायला जागा लागते, हे सुचलंच नव्हतं.

हे सांगायचं तर दिवा शांत व्हायला अवकाश होता. मी गठ्ठा सोडला आणि वरच्या कप्प्यातला एक साचा उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. मग दुसरा.

"आई, आज आवराआवर कशाला?" लेकीने विचारलं. मी नुसती मान हलवली.

हे आले. "पाहुण्यांसाठी का?" म्हणाले. मी पुन्हा मान हलवली, नाही म्हणून. त्यांना ते हो वाटलं असावं, कारण त्यांनीही एक खोकं उचललं. भाऊजी आले. "वहिनींचं मौन आणि झाडू एकाच वेळी चालू झालं की प्रश्न विचारायचे नसतात," असं म्हणून तेही लागले. फक्त एक गंजका चिमटा बाहेर न्यायला हे तयार होईनात. "लागतो तो," म्हणाले. भाऊजींनी विचारलं शेवटचा कधी लागला होता, तर ह्यांनी चिमटा खिशात घातला.

मांडणी रिकामी झाली तशी मी तिच्या खांबाला हात घालून ओढू लागले. ही आवराआवर नव्हे, हे तेव्हा त्यांना कळलं. चौघांनी मिळून ती ओढत मागच्या अंगणात नेली. मग मी लेकीचा दंड धरला, तिला भिंतीपाशी नेऊन उभं केलं आणि गाडीकडे बोट दाखवलं.

ती बघत राहिली. हे तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. भाऊजींनी त्या बाजूचे दिवे लावले.

माझ्याशिवाय इतरांनाही मौन लागलं होतं.

"हे नाक," शेवटी हे हळूच म्हणाले, "हे नाक मी इतकं खाली नेलं नसतं. माझी हिंमत झाली नसती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चांगलं आहे."

लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मागच्या चाकाकडे बघत होती. "घडी पडतेय," ती म्हणाली. "बाबा, बघा ना. जवळून सरळ दिसते. इथून शेपटीकडे खाली लोंबतेय. कमरेत वाकलेल्या माणसासारखी."

ह्यांनी डोळे बारीक केले. "पडतेय खरी."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मला तरी कुठं दिसली होती? मी नुसतंच पाकीट म्हणत होतो."

संध्याकाळपर्यंत ते दोघं त्या घडीपाशी होते. एकाने लांबून सांगायचं, दुसऱ्याने पत्ती चालवायची, मग अदलाबदल. "केसभर वर." "कुणाचा केस, तुमचा की माझा?" "तुझा, तुझा. माझे कुठे राहिलेत?" भट्टीतून गरम माती आणायची, थापायची, पुन्हा भिंतीपाशी जाऊन बघायचं. घडी वर घेतली की जाळी बोजड दिसे. जाळी लहान केली की दार रिकामं वाटे. एक गोष्ट हलवली की तीन हलत. संध्याकाळी चंदेरी कागद ताणला तेव्हा घडी आधीपेक्षा बरी होती, पुरती मात्र जमलेली नव्हती. लेकीच्या कपाळावर माती लागली होती, आणि ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. ते मी फार दिवसांनी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवापुढे बसले होते. लेक येऊन माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

"तू बोलू नकोस, फक्त ऐक," ती कुजबुजली. "मी फ्रिजवाल्यांना नाही म्हणून कळवलं आत्ता. काहीही ठरलं तरी मी इथेच राहणार आहे. ती घडी मला अजून कळलेली नाही, आणि ती कळल्याशिवाय मला कुठे चैन पडायची नाही. पण बाबांना आत्ता सांगू नकोस. मी राहतेय म्हणून खूश होऊन त्यांनी मला झुकतं माप द्यायला नको. आज खरं काय ते ठरू दे."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. न मागता मिळालं की माणसाला जरा अवघडल्यासारखंच होतं. मी दिव्यापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिले.

कंपनीच्या मोठ्या बाई सकाळीच आल्या. सोबत त्यांच्या गाड्या चालवून बघणारा चालक होता, उंच आणि अबोल. बाईंनी आधी खिडकीकडून पाहिलं, मग भिंतीकडे जाऊन पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे. चालक दोन्ही बाजूंनी वाकून बघून आला. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते.

"तुमचं मत काय?" बाईंनी ह्यांना विचारलं. "तुम्ही इतकी वर्षं हे करताय."

ह्यांनी घसा साफ केला. "खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "माझी बाजू आता जुनी वाटते. अशा रेषा आम्ही पूर्वी पुष्कळ केल्या. आताच्या लोकांना ही भिंतीकडचीच आवडेल. ही जाळी वगैरे. जाळी फार छान आहे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे. ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की कानाच्या पाळ्या लाल होतात. तशा त्या झाल्या होत्या.

"आणि ही मागची घडी," हे पुढे म्हणाले, "ही तर अगदी..."

"बाबा," लेक म्हणाली.

"अगदी नेमकी बसलीय."

"बाबा, पुरे." तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळे तिच्याकडे वळले. "मी कुठेही जात नाहीये. त्यांना पहाटेच नाही म्हणून कळवलंय. आईला विचारा. आता बाईंना खरं काय ते सांगा."

ह्यांनी जिन्याकडे पाहिलं. मी मान हलवली. या वेळी ती हो म्हणून हलतेय हे त्यांना नीट कळलं. ते खाली बघू लागले, खिशातून फडकं काढून उगाच हात पुसू लागले.

"तुमचं घरातलं आधी मिटवून घ्या," बाई हसून म्हणाल्या. "मी थांबते."

"मिटलं," हे म्हणाले. मग ते ताठ उभे राहिले. "जाळी खोटी आहे. घडी मागे अजून पडतेय, काल बरीच उचलली तरी. नाक मात्र माझ्या नाकापेक्षा चांगलं आहे, आणि हे मी तिच्यासाठी म्हणत नाही."

"घडी पडतेय, हे मीही सांगणारच होते," लेक बाईंना म्हणाली. "मला आणखी वेळ मिळाला असता तर जमली असती. मिळाला नाही."

बाईंनी चालकाला विचारलं. तो म्हणाला, "खिडकीकडच्या बाजूत बसावंसं वाटतं. भिंतीकडची बघत राहावंसं वाटतं."

बाई आणखी एकदा दोन्हीकडे फिरून आल्या आणि त्यांनी खिडकीकडची बाजू घेतली. का घेतली तेही सांगितलं. गाडी दोन वर्षांनी रस्त्यावर येईल आणि पुढची पुष्कळ वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर राहील, तेव्हा ती कंटाळवाणी व्हायला नको. लेकीला त्या म्हणाल्या, "पुढच्या गाडीच्या वेळी तुम्ही सुरुवातीपासून असा. आणि घडीचं कोडं सुटलं तर मला बोलवा, मी बघायला येईन." लेक मान डोलवत ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर निराशा होतीच, नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ती ऐकत होती.

पाहुणे गेल्यावर भाऊजी यंत्राकडे गेले. ह्यांची बाजू आता पलीकडे कोरायची, म्हणजे लेकीची माती आधी उतरवायला हवी. लेकीने पत्ती उचलली.

"थांब," हे म्हणाले. "नाक उद्या काढू. आज राहू दे."

"बाबा, काम अडेल."

"अडू दे. मला अजून बघायचंय ते." त्यांनी कुठूनसं एक स्टूल आणून भिंतीपाशी ठेवलं आणि बसले. लेकीने मागच्या बाजूने माती खरवडायला घेतली. निघालेल्या तपकिरी सालींचा ढीग ती पुन्हा गरम करायच्या भांड्यात टाकत होती. ही माती कधी वाया जात नाही, एका गाडीची दुसऱ्या गाडीला चालते.

"आरसे राहिले," भाऊजी यंत्रामागून म्हणाले. "बाईंनी आरशांबद्दल काही सांगितलं नाही. कसे करायचे?"

"बारीक दांडीवर, पातळ," लेक म्हणाली. "पानासारखे."

"पानासारखे म्हणजे वाऱ्याला हलणारे?" हे म्हणाले. "दारातूनच उगवलेले हवेत. कानासारखे, घट्ट."

"एवढे मोठे कान? हत्तीची गाडी आहे का ही?"

"हत्तीला आरसा लागतच नाही," भाऊजी म्हणाले. "त्याला मागून यायची कुणाची छाती असते?"

मी वरून करडं कापड आणि सुईदोरा आणला आणि ह्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बैठक घातली. त्या आसनाची कड तशीही हातानंच शिवायची होती, आणि वाद बराच वेळ चालणार होता.